पिवळी कमी केली तो हिवाळा

कॉलनीच्या मागच्या शेतात कालपासून झोडणी सुरू झाली आहे. मळणीची यंत्रं आता सगळीकडे आली, तरी तिथले म्हातारे बाबा अजून भाताची पेंढी फळीवर आपटूनच झोडतात. आधी आवाज येतो, दोन आपटण्यांच्या मधे श्वास घेण्याएवढी जागा ठेवणारा, आणि मग वास. सुकलेल्या पेंढ्याचा, उन्हात तापलेल्या भाताचा, आणि नाकात गेलं की दिवसभर शिंका काढायला लावणाऱ्या त्या बारीक कुसाचा. सकाळी शाळेत जायच्या आधी मी खिडकी उघडली, तो वास घरात शिरला आणि माझा डावा हात आपोआप पोटावर गेला. बेंबीच्या डावीकडे, थोडा खाली. मी त्या हाताकडे बघत राहिले. दुखत तर काहीच नव्हतं.

म्हणजे वर्ष झालं. पोटाला तारखा कळत नसतील, पण झोडणी कळते.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. नेमकं का होतं ते कुणी सांगू शकत नाही, आणि ते कायमचं बरंही होत नाही. शांत होतं, इतकंच. डॉक्टर त्या शांततेला रेमिशन म्हणतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे हे सगळे शब्द मला पाठ आहेत. पण घरात आम्ही साधंच बोलतो. हे विचारतात, "काय म्हणतो?" मी म्हणते, "गप्प आहे." घरात एखादा तापट सासरा माडीवर झोपलेला असावा आणि सगळ्यांनी पाय न वाजवता चालावं, तशी आम्ही दहा वर्षं काढली.

औषधं दोन. एक लालसर, मोठी, गिळताना घशाला आपलं अस्तित्व सांगणारी. तिचं घरातलं नाव 'वाल'. दुसरी लहान, फिकट पिवळी, ती 'पिवळी'. वाल आतड्यावरून हात फिरवतो. पिवळी मोठी चीज आहे. ती शरीराच्या लढण्याच्या ताकदीलाच थोडं खाली बसवते, म्हणजे ती ताकद आपल्याच आतड्यावर धावून जात नाही. तिच्यासाठी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, उन्हात डोक्यावरून पदर घ्यायचा, वर्गात कुणी शिंकलं की दोन पावलं मागे सरायचं. मी तिला घाबरायचे आणि तिच्याशिवाय राहण्याच्या कल्पनेलाही घाबरायचे.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर कल्याणच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीचे फोटो माझ्याकडे वळवले. "बघा, किती छान आहे तुमचं आतडं." कुणी माझ्या साडीचं कौतुक केलं तरी मी लाजते, आतड्याचं केल्यावर काय करायचं ते कळेना. तुकडा काढून तपासला होता, तोही स्वच्छ होता. मग त्या म्हणाल्या, "ती पिवळी गोळी हळूहळू कमी करून बघू या का?"

त्या 'का'नं माझा घात केला. बारा वर्षांत मला कुणी 'का' विचारलं नव्हतं. हे घ्या, ते खाऊ नका, अमुक दिवशी या, असंच चाललं होतं आणि ते बरंही होतं.

"कमी केली तर आजार परत येईल?"

"काहींना येतो. बऱ्याच जणांना नाही येत."

"मी कुठल्यातली?"

"ते आधी सांगता येत नाही. म्हणून तर हळूहळू करायचं, आणि तपासत राहायचं."

"आणि नाही केली तर?"

"तर चालू ठेवू. पण इतकी वर्षं घेतल्यावर तिचेही धोके असतात. लहान आहेत, पण आहेत. रक्त, यकृत, त्वचा. तुम्ही घरी बोला, विचार करा. घाई नाही. आणि काहीही ठरवलंत तरी मोठी गोळी सोडायची नाही."

बाहेर आले तर आनंद व्हायला हवा होता. बारा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य ऐकून मी एस.टी.त खिडकीशी बसले होते, आणि रडू येत होतं, आणि ते कसलं ते कळत नव्हतं. सुटका झाल्याचं असावं, किंवा कुणीतरी हात सोडून दिल्याचं.

आजारानं मला पहिल्यांदा गाठलं तेही झोडणीच्याच दिवसांत. माझं माहेर म्हसा गावाच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याला. भात निघालं की मी चार दिवस तिकडे जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी खळ्यावर माझ्या हातचा एक भारा पडल्याशिवाय आयला, म्हणजे माझ्या आईला, झोडणी झाल्यासारखी वाटत नाही. त्या वर्षी दिवसातून बारा-चौदा वेळा मला शेताच्या कडेला पळावं लागत होतं. कापून झालेल्या शेतात आडोसा कुठला? भात उभं असताना माणूस लपतो. कापल्यावर बांधापासून डोंगरापर्यंत सगळं उघडं. आय एक जुनी साडी दोन्ही हातांनी ताणून माझ्यासमोर उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी तिनं मागे वळून रक्त बघितलं. पुन्हा पाठ केली. ती साडी तशीच धरून उभी राहिली.

मग दोन वर्षं मी माणसात नव्हते. शहापूर ते कल्याण मधे कुठल्या कुठल्या हॉटेलात संडास आहे आणि कुठला मालक विचारलं की तोंड वाकडं करतो, हे मला इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त माहीत होतं. वर्गात शिकवताना खुर्ची दाराशी घ्यायची. लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून उपाशी. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पिवळीनं मला त्यातून हात धरून बाहेर काढलं, असं मी समजत होते. अजूनही बहुतेक तसंच समजते. 'बहुतेक' हा शब्द गेल्या हिवाळ्यात आला.

हे धरणावर नोकरीला आहेत, दरवाज्यांच्या कामावर. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार. मी घरी येऊन सगळं सांगितलं तर यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी ड्युटीवर असल्यासारखे बोलले.

"आमी पन दरवाजा एकदम उघडत नाय. एकेक टप्पा. आनि प्रत्येक टप्प्याला खाली नदीकडं बघायचं."

"तुमी खालच्या गावांना भोंगा वाजवून सांगता. माझ्या पोटाला कोण भोंगा वाजवणार?"

"पोटच वाजवील की. त्याला काय कमी वाजवता येतं?"

हसले मी. नंतर दोन दिवस विचार केला, म्हणजे एकच विचार पुन्हा पुन्हा केला, आणि डॉक्टरबाईंना फोन करून हो म्हटलं. दोनाची एक करायची, रक्त आणि पोट तपासायचं. सगळं ठीक असेल तर एक दिवसाआड, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बंद.

पहिल्या सकाळी तळहातावर एकच पिवळी होती. इतकी एकटी दिसत होती ती.

त्या दिवसांचं काय सांगू? नोव्हेंबर संपत आला होता, धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं बसायचं, कॉलनीतली बुचाची फुलं पायाखाली यायची, आणि मी ह्यातलं काही न बघता आतलं ऐकत चालायचे. पोटात गुरगुर झाली की भूक आहे की तोच? न झाली तर इतकं गप्प का? निरोगी माणसाचं पोट दिवसातून किती वेळा बोलतं हे मला आठवतच नव्हतं. वर्गातल्या एका मुलीला विचारलं, "तुझं पोट वाजतं का गं?" ती बिचारी डबा लपवायला लागली. आणि ह्याच बाई आठवीला फळ्यावर लिहून देतात की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, तरच काय कशामुळे झालं ते कळतं. मी तसंच ठेवलं होतं. तोच चहा, तीच भाजी, तीच भाकरी. निदान मला तसं वाटत होतं.

झोडणीला माहेरी गेले तेव्हा आयला सांगितलं. ती खळ्यावर सुपानं भात वारवत होती. थांबली. कोंडा तिच्या केसांवर बसला होता.

"डॉक्टरीन सोताहून बोलली कमी करूया?"

"हो."

"मंजे बरी झालीस तू."

"बरी म्हणजे… बघायचं आहे, आय. कमी करून बघायचं आहे."

"बरा," ती म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल, देवापुढे साखर ठेवेल. ती फक्त सूप हलवत राहिली.

निघताना तिनं नेहमीप्रमाणे पिठाचा डबा दिला. आमच्या घरची भाकरी आयच्याच पिठाची. दर दोन महिन्यांनी तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, गिरणीतून दळून ती डबा भरते आणि कुणी ना कुणी तो शहापूरला आणून देतो. मी आजारी पडल्यापासून हा तिचा नेम. दुसऱ्या कुणाचं पीठ माझ्या पोटात जाऊ द्यायला ती तयार नाही. त्या पिठाची भाकरी जराशी कडसर लागते. आमच्याकडच्या जाड्या तांबड्या तांदळाचीच ती चव, असं मी सासरच्या लोकांना अनेकदा ठासून सांगितलेलं आहे.

डिसेंबरात एकदा जेवताना हे म्हणाले, "ह्या वेळचं पीठ गोड हाय गो." मीही खाऊन बघितलं. होतं खरं. पाऊस नीट झाला असेल, मी म्हटलं. यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले. ह्यांना वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ. चूर्ण झालं, इसबगोल झालं, एरंडेल झालं. त्या महिन्यात मात्र गाडी रुळावर आली, आणि त्याचं सगळं श्रेय यांनी उठल्याबरोबर प्यायच्या कोमट पाण्याला देऊन टाकलं. कॉलनीतल्या चार जणांना उपदेशही केला.

आणि माझं बिघडायला लागलं.

आधी दिवसातून दोनदा, मग तीनदा, मग चारदा. रक्त नाही, पण पातळ. एका सकाळी लाल दिसलं. मी दाराची कडी न काढता आतच भिंतीला टेकून बसले. बाहेरून हे विचारत होते, काय झालं, काय झालं. मी सांगितलं. मग बाहेरून आवाज आला, "काल माठ खाल्लास ना गो? लाल माठ?" खाल्ला होता. ताटलीभर. मी स्वतःलाच हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की माठानं लाल होतं, पातळ होत नाही.

त्या दुपारी मी शाळेतून लवकर आले, कपाट उघडलं आणि दुसरी पिवळी गिळली. कुणी बघत नव्हतं. बघत असतं तरी माझीच गोळी, माझंच पोट. पण वाटलं चोरीच केली. संध्याकाळी लाज वाटून डॉक्टरबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "मनानं वाढवू नका आणि मनानं सोडू नका. आधी तपासू. सूज आहे की नाही ते शौचाच्या तपासणीत कळेल. रक्त दिसलं, ताप आला, तर मात्र थांबू नका, लगेच या." नमुना कल्याणला गेला आणि रिपोर्टची वाट बघायचे दिवस आले.

त्या वाट बघण्याच्या दिवसांतच म्हशाची जत्रा होती. पौषातली पौर्णिमा. आयला घेऊन जत्रेला जायचं हे लहानपणापासूनचं. आधी ती मला न्यायची, आता मी तिला. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण का नाही ते सांगावं लागलं असतं. किन्हवलीवरून गेले, आयला घेतलं. धुळीत बैलांच्या रांगा, शिंगांना लावलेला ताजा रंग, गळ्यातल्या घुंगरांचा गलका, तेलात फुगणारी भजी, आणि घोंगड्यांच्या दुकानांतून येणारा तो ओल्या लोकरीचा उग्र वास. एके काळी ह्या सगळ्यात मी हरवून जायचे. त्या दिवशी मी फक्त पत्र्याचे संडास कुठे उभारलेत ते बघत होते. आय दर थोड्या वेळानं एखाद्या घोंगडीवाल्याकडे बसून घोंगडी उलटीपालटी करून बघायची, उठायची, पुढच्या दुकानात पुन्हा बसायची. हिला यंदा एवढी घोंगडी कशाला हवी, मला कळेना.

चौथ्या दुकानापाशी तिनं माझा हात धरला. "पोट धरून का चालतेस?"

सांगितलं मी. आठ दिवस बिघडलंय, तपासायला दिलंय.

तिचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. हातातली घोंगडी तिनं मांडीवर ठेवली. "मंजे माज्यामुळं झाला."

"तुझ्यामुळे कसं होईल, आय?"

"पिठात कुडा टाकीत होते ना गो मी."

मला आधी समजलंच नाही. कुडा म्हणजे डोंगरावरचं झाड. चैत्रात त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी करतो आम्ही. त्याची साल भयंकर कडू. पोट चालायला लागलं की ती उगाळून देतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे.

"कवापासून?"

"तुला रगत पडला तवापासून. डब्याला एक मूठ. वाटून, फडक्यातून गाळून. आता तुजी डॉक्टरीन बोलली ना, औषध कमी करू? मंग मी पन कमी केला. चिमूटभरच टाकला. एवढी शिकलेली बाय कमी करते, तर आपुन कशाला जास्त द्यायाचा?"

म्हशाच्या भर जत्रेत, बैलबाजाराच्या कडेला, मी माझ्या आईवर ओरडले. बारा वर्षं! मला न सांगता! मी तिकडे एकच गोष्ट बदलली म्हणून दिवसदिवस मोजतेय आणि तू इकडे दुसरी बदलून बसलीस! घोंगडीवाला आमच्याकडे बघत होता. आय शांतपणे म्हणाली, "इचारला असता तर खाल्ला असतास?"

नसता खाल्ला. विज्ञानाची बाई मी.

परत येताना गाडीत मला एकदम ह्यांचं कोमट पाणी आठवलं आणि हसू फुटलं, तेही असं की डोळ्यांतून पाणी. बारा वर्षं ह्या बिचाऱ्याचं पोट त्याच्या सासुरवाडीनं बांधून ठेवलं होतं. घरी सांगितलं तेव्हा हे कितीतरी वेळ भाकरीच्या टोपल्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हातारीला सांग, मला वेगळा डबा."

रिपोर्ट चांगला आला. सूज नव्हती. डॉक्टरबाईंना मी कुड्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "हे मला आधीच कळायला हवं होतं. त्या सालीचा तुमच्या गोळ्यांशी, यकृताशी काय संबंध येतो, मला खात्रीनं सांगता येणार नाही."

"मग पोट कशानं बिघडलं?"

"साल कमी झाली म्हणून असेल. नवा तांदूळ असेल. भीतीनंही बिघडतं. सूज नाही, एवढं नक्की."

"आणि बरी कशानं झाले?"

"मी म्हणेन गोळ्यांनी." त्या हसल्या. "तुमच्या आई काय म्हणतात?"

आता ती साल पूर्ण बंद करा, म्हणाल्या, नाहीतर पुढे काही झालं तर कशामुळे ते कुणालाच कळणार नाही. पिवळीचं ठरल्याप्रमाणे चालू द्या.

मार्चमध्ये शेवटची पिवळी घेतली. आज आठ महिने होत आले. वाल चालू आहे, तपासण्या चालू आहेत, आजार गप्प आहे. तो पिवळीमुळे गप्प झाला आणि आता तिच्याशिवायही गप्प राहायला शिकला, की मुळात थोडं काम त्या सालीनं केलं होतं, की त्याचं त्यालाच थकायला झालं होतं, मला माहीत नाही. पुढच्या झोडणीला तो उठून बसेल का, तेही माहीत नाही. फळ्यावर नीट आकृती काढून शिकवणारी मी, माझ्याच पोटाची गोष्ट मला एका सरळ ओळीत सांगता येत नाही. कुणी विचारलं, बरी आहेस ना, तर मी हो म्हणते. हो म्हणताना दर वेळी थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं, आणि दर वेळी ते खरंही निघतं.

रिपोर्ट आल्यावर, साल बंद कर, हे आयला फोनवर सांगणं मला जमेना. बारा वर्षं जे आपल्या हातानं केलं ते आता नको, असं कुठल्या शब्दांत सांगायचं? म्हणून माघात मी मुद्दाम माहेरी गेले. शेतं रिकामी होती, बांधाकडेला तेवढा पेरलेला वाल हिरवा होता, अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीवर ऊन पडलं होतं. सांगायचं ते तोंडाशी येईना, तर मी भलतंच बोलून गेले. "आय, मला ते कुड्याचं झाड दाखव ना."

तिचे डोळे चमकले. कोयता घेतला, माझ्याबरोबर निघाली. शेत ओलांडून शेवटच्या बांधापर्यंत आली आणि तिथे थांबली. "तो बघ, मोठ्या दगडाच्या वरती. तू जा. मी हितंच बसते. येताना थोडी साल घेऊन ये." कोयता तिनं माझ्या हातात दिला.

चढ बांधावरून वाटला त्याहून बराच उभा होता. पायाखाली सुकी पानं घसरत होती. दोन वेळा बसावं लागलं मला, आणि मी चव्वेचाळीसची आहे. वर पोचले. तीन झाडं होती कुड्याची, जवळजवळ. तिन्हींच्या खोडांवर हात पोचेल एवढ्या उंचीवर साल काढल्याच्या खुणा होत्या, एका बाजूची भरून आली की दुसऱ्या बाजूची, झाड मरू नये अशा बेतानं काढलेल्या. मी एकेक खूण हातानं चाचपली. सगळ्या जुन्या. कडा गोल होऊन भरत आलेल्या, काहींवर शेवाळ चढलेलं. यंदाचा एकही घाव नव्हता. मागच्या वर्षाचाही दिसला नाही.

म्हणजे डॉक्टरीण बोलली म्हणून तिनं कुडा कमी केला नव्हता. तो संपत आला होता, आणि ती वर चढू शकत नव्हती. जत्रेत दर दुकानात बसत होती तीही घोंगडीसाठी नव्हे. जेवढा उरला होता तेवढा ती जपून पुरवत होती. मग मी जाऊन सांगितलं की औषध कमी करायचंय, आणि तिला कारण मिळालं.

खाली बघितलं तर ती बांधावर बसलेली दिसत होती, वर बघत, कपाळावर हात धरून. मी कोयता तसाच घेऊन उतरले.

"साल?" तिनं विचारलं.

"नाही काढली. आता नाही लागत मला, आय."

"डॉक्टरीन बोलली?"

"हो."

"तिचा सोड. तुजा पोट काय बोलतो?"

त्या दिवशी सकाळीच माझ्या पोटात डाव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं होतं. ते काय होतं, मला ठाऊक नव्हतं. "बरी झाले मी," मी म्हटलं. "पुरती."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खात्री पटली की नाही कोण जाणे. मग तिनं पाय लांब केले, लुगडं वर सारलं आणि सुजून गुळगुळीत झालेले दोन्ही गुडघे माझ्यासमोर उघडे टाकून ती ते चोळायला लागली.

"मंग सुटले गो मी," ती म्हणाली.